शेखर नावाची बुरशी

शेखर मेला. तुळशीचं लग्न झाल्यावर, कपाटाच्या मधल्या कप्प्यात, काचेच्या तीन बशांमध्ये एकाच वेळी मेला. आणि ज्याने त्याला मारलं त्याने नंतर साबणाने हात धुतले आणि वर्गावर जाऊन हजेरी घेतली. पण हे आत्ताच सांगून टाकण्यात काही अर्थ नाही. तेव्हा असं काही झालेलंच नाही असं धरून चालू. शेखर धडधाकट आहे, रोज नखभर वाढतो आहे, आणि बुलढाण्यात सकाळचा दुसरा चहा व्हायचा आहे.

त्या चहाचा कप हातात घेऊन लक्ष्मीकांत पाठक प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. चिखली रोडवरच्या एका खासगी कृषी महाविद्यालयात तो वनस्पती रोगशास्त्र शिकवायचा. संत्र्याच्या, डाळिंबाच्या, पेरूच्या पानांवर डाग पाडणाऱ्या बुरश्या ओळखणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा जिल्ह्यात थोडाफार दबदबा होता. म्हणजे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी खिशातून सुकलेलं पान काढून त्याच्या ताटाजवळ ठेवायचं. आत त्याची बायको रेवती पाठमोरी होती. तीही त्याच विभागात, तोच विषय शिकवायला; लग्नानंतर वर्षभराने लागलेली. खिडकीशी वाकून ती कोणाशी तरी बोलत होती. "शेखर," ती म्हणाली, "काल कसा रुसून बसला होतास. आणि आज बघ." मग थांबून, तापातल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून बोलतात तसं, अगदी हळू: "शहाणा माझा शेखर." लक्ष्मीकांतने खोलीभर नजर फिरवली. खोलीत रेवती होती, निर्जंतुक करायचा मोठा कुकर होता, भिंतीवर करपा रोगाचा तक्ता होता. आणखी कोणी नव्हतं. मग ती वळली आणि त्याला तिच्या हातातली काचेची बशी दिसली, झाकणावर निळ्या मार्करने लिहिलेलं नाव दिसलं, आणि आत कापसासारखी पांढरी, कडेला किंचित गुलाबी पडत गेलेली बुरशी. तो समजला. इथे कोणत्याही नवऱ्याला हायसं वाटलं असतं. लक्ष्मीकांतने हायसं वाटण्याची वाट पाहिली. चहावर साय धरली, सायीला सुरकुती पडली, तरी काही आलं नाही. उलट पोटात, बेंबीच्या जरा वर, एक वाटोळा डाग पडल्यासारखं झालं, मध्ये तपकिरी आणि कडेने पिवळा.

"सर, चहा निवतोय," रेवती म्हणाली.

बुरशीला नाव असायला त्याची हरकत नव्हती. ती ओळखू येईपर्यंत तिला काहीतरी म्हणावं लागतंच. पण ते कसं असावं, तर 'डाळिंब, देऊळगाव राजा, दोन'. किंवा 'पेरू, मेहकर, मागची बाजू'. त्याच्या स्वतःच्या कपाटात अशा कितीतरी बशा होत्या आणि त्यांपैकी एकीलाही त्याने कधी शहाणी म्हटलं नव्हतं. ही बुरशी जळगाव जामोदकडच्या संत्र्याच्या पानातून निघाली होती एवढं त्याला माहीत होतं. मग 'संत्रा, जळगाव जामोद' एवढं लिहायला मार्करची शाई कमी पडत होती काय? शेखर का? विचारता आलं असतं. पण 'हा शेखर कोण गं' हे शब्द जिभेवर ठेवले की आंबल्यासारखे लागायचे. हसत विचारावं तर हसू उशिरा यायचं. सहज विचारावं तर सहज विचारायची तालीम करावी लागायची, आणि तालीम केलेलं सहज कोणालाही ओळखू येतं. त्याच दिवशी विचारलं असतं तर चाललं असतं. दुसऱ्या दिवशी विचारणाऱ्याने रात्रभर विचार केला हे उघड होतं, आणि आठवड्याने विचारणाऱ्याने तर डॉक्टरकडे जावं. तेव्हा न विचारता त्याने आयुष्यात भेटलेले शेखर आठवून पाहिले. शाळेत एक होता, तो कान हलवायचा. चिखलीला एक दाताचा डॉक्टर होता. एवढ्यावर भागेना म्हणून रेवती अकोल्याला शिकत असताना वसतिगृहासमोर मोटारसायकल लावून उभा राहणारा एक शेखर त्याने स्वतःच तयार केला, त्याला पोपटी शर्ट घातला, गॉगल दिला, आणि मग त्या शर्टाचा इतका राग आला की जेवताना भाजीत मीठ कमी आहे असं तो दोनदा म्हणाला. "मीठ बरोबर आहे," रेवती म्हणाली. शेखरने हीच भाजी मुकाट खाल्ली असती, असं त्याला वाटलं, आणि मग ते आपल्याला का वाटलं म्हणून तो पोळीकडे बघत बसला.

आणि नावाचीच गोष्ट निघाली तर, रेवतीने त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. घरी 'अहो', कॉलेजात 'सर', बाजारात नुसतंच 'ऐका ना'. तिच्या फोनमध्ये तो 'पॅथॉलॉजी सर' म्हणून होता, वर 'पॅथॉलॉजी ऑफिस' आणि खाली 'पंक्चरवाला, धाड नाका'. यात जुन्या वळणाचं असं काही नव्हतं. ती स्कूटी चालवायची, विद्यार्थ्यांना झापायची, सासूशी राजकारणावर वाद घालायची. फक्त पहिल्या वर्षी लाज वाटली म्हणून राहिलं, दुसऱ्या वर्षी राहिलं होतं म्हणून राहिलं, आणि आता इतकी वर्षं गेल्यावर तिने एकाएकी 'लक्ष्मीकांत' म्हटलं असतं तर ते कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटलं असतं. हे त्याला कळत होतं. तसं ते नाव पूर्ण कोणीच घेत नव्हतं. आई लक्ष्या म्हणायची, मित्रही लक्ष्याच, विद्यार्थी पाठक सर. पूर्ण नाव फक्त बँकेतला माणूस घ्यायचा, तेही वडिलांच्या नावासकट. रेवतीने ते एकदा घेतलं होतं म्हणतात. उंद्रीला, तिच्या माहेरी, लग्नात, उखाण्यात. करवल्यांनी माईक तिच्या तोंडापुढे धरला आणि ती म्हणाली, "घाटावर वारा, घाटाखाली ऊन," आणि तेवढ्यात जनरेटर बंद पडला. तिचे ओठ हलताना त्याने पाहिले. काय म्हणाली ते आचारी, फोटोग्राफर आणि पहिल्या रांगेतल्या आजीबाई यांना ऐकू गेलं असेल. तो पाटावरून उठून नेमका कोणाच्या तरी मामाच्या पाया पडायला गेला होता. जनरेटर परत आला तो "पाठकांची सून" या शब्दांवर. टाळ्या पडल्या. नंतर त्याने म्हटलं, परत घे ना. ती म्हणाली, "एकदाच असतं हो ते." आणि आता बघा: शेखर वाढला का, शेखरचं झाकण नीट बसलंय ना, शेखरला उजेड लागतोय. जनरेटर एकदाही बंद पडला नाही.

प्रयोगशाळेच्या परिचर सिंधूताई यांनाही शेखरचा लळा लागला होता. त्या बशा धुवायच्या, कुकर लावायच्या, आणि लक्ष्मीकांत आत आला की न विचारता त्याची खबर द्यायच्या.

"सर, शेखरचं झाकण म्या नाही उघडलं जी. मॅडमनं सांगतलं हाय, त्याले बाहेरची हवा लागू द्याची नाही."

"ती बुरशी आहे, सिंधूताई."

"असन. आमच्या घरचा बी तसाच हाय. बसला तिथंच पसरते. पर त्याले नावानं बोलावलं का उठते."

"तुम्ही नावाने बोलावता?"

"मंग कशानं बोलावू? वावरात आवाज द्याचा असला तं नावच लागते. अहो म्हटलं तं पाच जन वळतेत." बशी पुसत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "काऊन जी, तुमाले शेखर नाही आवडत काय?"

आवडण्याचा प्रश्न नाही, असं तो म्हणाला, आणि बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिला. समोर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर ढग उतरले होते, बुलढाण्यात उतरतात तसे, कामाला आल्यासारखे. सिंधूताईंच्या नवऱ्याला त्याने एकदा पाहिलं होतं. दारू प्यायचा, एक डोळा बारीक होता. त्या माणसाला वावरातून नावाने हाक येत असेल. तो बांधावरून ओ देत असेल. हेव्यालाही काही दर्जा असतो अशी लक्ष्मीकांतची आजवर समजूत होती. आपण प्राध्यापकांचा हेवा करावा, विद्यापीठातल्या लोकांचा करावा. आता तो कोणाचाही करू लागला होता. त्या दिवशी वर्गात कोळशी शिकवायची होती. कोळशी म्हणजे संत्र्याच्या पानावर बसणारी काळी बुरशी. रस शोषणाऱ्या माशीने टाकलेल्या चिकट साखरेवर वाढते. "लक्षात घ्या," तो मुलांना म्हणाला, "ही पानाचं काहीही खात नाही. पानाला दात लावत नाही. नुसती वर बसून राहते, आणि पान उजेडाला मुकतं." पुढे काय सांगायचं ते तो विसरला. मुलांनी एवढंच लिहून घेतलं. पुढच्या परीक्षेत त्यांनी तेच लिहिलं आणि त्याला पूर्ण गुण द्यावे लागले.

मग रेवतीने त्याला शेखर दाखवला. म्हणजे रीतसर दाखवला, सूक्ष्मदर्शकाखाली. "सर, जरा बघता का? मला काही कळत नाहीये," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातली ती मदत मागायची कड त्याला फार दिवसांनी ऐकू आली. तो स्टुलावर बसला. डोळा लावला. बुरशी ओळखायची ती तिच्या बीजाणूंवरून. कापूस सगळ्यांचा सारखाच असतो, बी सांगते कोणाची ते. शेखरचे बीजाणू लांबट होते, पाच खणांचे, मधले तीन खण चहाच्या रंगाचे आणि दोन्ही टोकांचे पाण्यासारखे. एका टोकाला शेपट्या. इथपर्यंत ठीक होतं. असल्या बुरश्या पेरूवर, आंब्यावर पोत्याने मिळतात. पण या शेपट्या पुढे जाऊन फाटत होत्या, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक बारीक गाठ होती, दोरा सुईतून निसटू नये म्हणून मारतात तशी. लक्ष्मीकांतने अशी गाठ कधी पाहिली नव्हती. पुस्तकात नाही, अकोल्याच्या विद्यापीठात नाही, स्वप्नातही नाही. ही नवी होती. जगात कोणीही हिला आजवर ओळखलेलं नव्हतं. भिंगाखाली त्या गाठी इतक्या निवांत, इतक्या बेफिकीर तरंगत होत्या की त्याला क्षणभर पोपटी शर्टच दिसला. त्याने डोळा काढला.

"साधीच आहे," तो म्हणाला. "दुय्यम. पान आधीच मेलेलं असतं तिथे येऊन बसते. उपरी."

"पण शेपटीच्या गाठी?"

"स्लाइड वाळली की दिसतात."

"मी आत्ताच केली होती स्लाइड."

"मग नीट केली नसशील."

रेवतीने बशी उचलली आणि झाकण पदराने पुसलं. पंजाबी ड्रेस होता, म्हणजे ओढणीने पुसलं. पण त्याला आठवताना नेहमी पदरच आठवायचा. आपण बुरशीला शिव्या दिल्या आणि त्या शास्त्राच्या भाषेत दिल्या, याची त्याला लाज वाटली. नंतर लाजेतूनही थोडं बरं वाटलं, दुखऱ्या दातावर जीभ दाबल्यावर वाटतं तसं.

रेवतीने शेखरचा तुकडा पुण्याला पाठवला, तिथे तुकडा दळून बुरशीची आनुवंशिक तपासणी करून देतात. निकाल आला तेव्हा ती घरी धावत आली नाही, की ओरडली नाही; जेवताना, वरणाची वाटी पुढे करताना म्हणाली, "जवळचा नातेवाईक सापडत नाही म्हणे." आई म्हणाली, "कोणाला?" "शेखरला," रेवती म्हणाली. आईने घास थांबवला. "अगंबाई. मग त्याचं सगळं आपल्यालाच बघावं लागणार." दोघी हसल्या. लक्ष्मीकांतने ताक मागितलं. शेखर पूर्णपणे नवी जात होता. आता त्याचं वर्णन लिहायचं, जिवंत बुरशी मोठ्या संग्रहालयात जमा करायची, त्याशिवाय शोधनिबंध छापणारं चांगलं मासिक दारात उभं करत नाही, आणि मग त्याला कायमचं लॅटिन नाव द्यायचं. नाव रेवतीने द्यायचं. जिने ओळखलं तिने द्यायचं, असा जगाचा नियम. आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव लॅटिन करून द्यायचीही रीत आहे, आणि एकदा दिलं की ते पृथ्वी असेपर्यंत पुसता येत नाही. 'शेखरीआय' हा शब्द त्याला ताकात दिसला. दोनशे वर्षांनी ब्राझीलमधला एखादा माणूस भिंगातून बघून म्हणणार, शेखरीआय. आणि पाठक कोण, तर ते पॅथॉलॉजी सर, पंक्चरवाल्याच्या वरचे.

तेवढ्यात उंद्रीला रेवतीच्या चुलतभावाचं, दीपकचं लग्न ठरलं. घरची एकुलती मुलगी म्हणून ती आधीपासून जाणार होती. निघताना तिने कपाटाची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. "शेखरला जपा. आल्यावर लगेच जमा करायला पाठवू," ती म्हणाली, आणि जिन्यावरून परत वर येऊन, "अहो, पंखा लावू नका त्या खोलीत."

कॉलेजात ट्रायकोडर्मा तयार व्हायचा. हिरवी बुरशी; शेतकऱ्यांना भुकटी करून पाकिटातून विकतात, मुळांना लावायला. ती दुसऱ्या बुरश्यांना वेटोळं घालून खाते, म्हणून पाकिटावर तिला मित्रबुरशी म्हणतात. लक्ष्मीकांतने स्वतःच ते पाकीट लिहिलं होतं. त्याला एवढंच करायचं होतं की सुई ज्योतीत लाल करायची, निववायची, हिरव्या भुकटीला टेकवायची आणि तीन बशांच्या कडेला टेकवायची. त्याने ते नेमकं तसंच केलं, अगदी नियमाने, आणि करताना त्याच्या मनात शेखर नव्हताच. उंद्रीच्या मंगल कार्यालयातला बंद पडलेला जनरेटर होता. मग त्याने कपाट बंद केलं. पंखा लावला नाही. बायकोने सांगितलं होतं. रोज जाऊन तो काचेतून बघायचा. आधी कडेला हिरवा ठिपका, मग चंद्रकोर, मग पांढऱ्या कापसात शिरलेली जीभ. गुलाबी कड शेवटी राहिली. एका सकाळी तीही नव्हती. खोलीभर ताज्या किसलेल्या खोबऱ्याचा वास पसरला होता, कारण या ट्रायकोडर्माला तसाच वास येतो, आणि त्या वासाने त्याला, एवढं करून, भूक लागली. याच सकाळी त्याने हात धुतले आणि वर्गावर जाऊन हजेरी घेतली. सुरुवातीला जे झालं नाही असं धरलं होतं ते एव्हाना झालेलं होतं. त्याला इलाज नाही.

रेवती आली ती मेंदी लावलेल्या हातांनीच कपाटाकडे गेली. तिने झाकण उघडलं नाही. बशी नाकाजवळ नेली.

"खोबऱ्याचा वास येतोय," ती म्हणाली.

"हवेतून आलं असेल."

"तिन्ही बशांत?"

"हवा आहे. तिला काय."

"कपाटाला कुलूप होतं. हवेला किल्ली दिली होती का तुम्ही?"

सिंधूताई बादली घेऊन आत आल्या होत्या, त्या बादली घेऊन बाहेर गेल्या. रेवतीने फोन काढून कडूबाला लावला. पानं पाठवणारा बागायतदार तो; तसली पानं पुन्हा मिळाली तर शेखर परत निघाला असता. फोन तिने टेबलावर ठेवला होता, त्यामुळे कडूबाचा आनंद खोलीभर ऐकू आला. "मॅडम, तुमच्या सांगन्यानं बोर्डो फवारलं ना जी. आता झाड असं हिरवंगार झालं, बिमारी औषधाले बी सापडत नाही. या एकडाव पाहाले." ती म्हणाली, "छान झालं, कडूबा." फोन बंद करून ती बराच वेळ झाकणावरच्या निळ्या अक्षरांकडे बघत बसली. आणि तेव्हा, सगळं संपल्यावर, जेव्हा विचारायला काहीही किंमत उरली नव्हती, तेव्हा लक्ष्मीकांतने विचारलं.

"हा शेखर कोण?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. तो तिच्या चेहऱ्यावर उतरताना त्याने पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जिना उतरल्यासारखा.

"कंडक्टर," ती म्हणाली.

"कोण?"

"जळगाव जामोदच्या गाडीचा कंडक्टर. कडूबांनी पानं पेपरात गुंडाळून त्याच्याजवळ दिली. कोणाजवळ दिली ते कळावं म्हणून पुडीवर शेखर लिहिलं. दुसरं काही लिहिलं नव्हतं. आणि ती पाटी कोणाची आहे?"

करप्याच्या तक्त्याखाली पाटी होती. मागे एका विद्यार्थ्याने पुडीवरचं नाव सुधारून लिहिलं आणि मोताळ्याच्या एका माणसाने पेरूचं औषध लिंबाला मारलं, तेव्हा लावलेली. 'पुडीवर जे लिहिले असेल तेच बशीवर लिहावे. स्वतःचे डोके चालवू नये.' खाली सही: ल. पाठक.

"तू त्याच्याशी बोलायचीस," तो म्हणाला.

"मी सगळ्यांशी बोलते. पेरू मेहकरशीपण बोलते. ते ऐकून तुम्हाला काही झालं नाही, म्हणून तुमच्या लक्षात नाही."

"नाव कोणाचं देणार होतीस?"

ती उठली. तिन्ही बशा कुकरमध्ये ठेवल्या, झाकण फिरवलं, बटण लावलं. पाठ त्याच्याकडेच होती. "आईंना विचारलं होतं मी," ती म्हणाली. "म्हटलं, लॅटिनमध्ये घेतलं तर चालतं का? त्या म्हणाल्या, जी भाषा सासूला कळत नाही त्या भाषेत काहीही घे." कुकरमधलं पाणी सुं करू लागलं. खोबऱ्याचा वास आधी वाढला, मग शिजला, मग गेला.

लक्ष्मीकांत बाहेर पडला आणि चालत सुटला. लॅटिनमध्ये पुरुषाच्या नावाला शेवटी दोन आय लागतात. लक्ष्मीकांतीआय. चालता चालता त्याने ते म्हणून पाहिलं. जीभ टाळ्याला नीट लागत नव्हती. ती कशी म्हणाली असती? शोधनिबंध वाचताना, व्यासपीठावर, माईकसमोर, ठणठणीत वीज असताना. आता त्याला एका नव्या माणसाचा हेवा वाटू लागला, आणि हा आजवरच्या सगळ्यांत वाईट होता: ज्याचं नाव तिने मनात लॅटिन करून ठेवलं होतं, सासूची परवानगी काढून ठेवली होती, तो लक्ष्मीकांत. तो शेपटीच्या गाठींसारखा निवांत माणूस. त्याला पोपटी शर्टही लागला नसता. आणि एवढं कळल्यावर घरी जावं, तर हा बस स्टँडवर आला. का आला ते त्यालाही सांगता आलं नसतं. रोग पानावर असतो असं आपण म्हणतो, पण पान नसलं तरी तो काही दिवस मातीत तग धरतो.

जळगाव जामोदची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून केळं खात होता. साठीला आलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, खाकी शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

"शेखर तुम्हीच का?"

"हाव. काऊन जी?"

"तुम्ही पुडी आणली होती. संत्र्याच्या पानांची. कॉलेजात."

"आनली ना. कडूबाची. म्या म्हटलं बाप्पा, पुडीवर माहं नाव टाक, नाही तं डेपोत कोनी बी कचऱ्यात टाकून देते." त्याने केळ्याचं साल नीट घडी करून खिडकीत ठेवलं. "झाड वाचलं काय?"

"झाड वाचलं."

"मंग झालं तं."

यावर जायला हवं होतं. लक्ष्मीकांत गेला नाही. "तुमची बायको तुम्हाला काय म्हणते?" त्याने विचारलं.

कंडक्टरने चष्म्यातून त्याला नीट पाहून घेतलं. दिवसभर नाना तऱ्हेची माणसं भेटत असल्यामुळे तो दचकला नाही. "मले? ते तं 'ओ कंडक्टर' म्हनते."

"घरी पण?"

"घरी बी. पह्यले मजाक व्हती. आता तेच नाव झालं. परवा दवाखान्यात होती ना, शुद्ध नव्हती, तरी ओ कंडक्टर, ओ कंडक्टर करून राह्यली. डॉक्टरले वाटलं गाडी चुकली बाईची." तो हसला आणि घंटीची दोरी हातात घेतली. "बसता काय? निघाली गाडी."

लक्ष्मीकांत बसला नाही. गाडी गेल्यावरही तो त्याच जागी उभा होता आणि बेशुद्धीत आपल्याला कोणी 'ओ पॅथॉलॉजी सर' म्हणेल का याचा विचार करत होता.

घरात भांडण असं झालंच नाही. रेवती जेवायला वाढायची, डबा भरायची, विभागाच्या कामाचं बोलायची. त्याला थोडे दिवस काही वेगळं जाणवलं नाही, मग जाणवलं, आणि जाणवल्यावर दुसरं काही जाणवेना. 'अहो, चहा झालाय' असं पूर्वी यायचं. आता 'चहा झालाय' असं यायचं. 'सर, किल्ली कुठेय?' ऐवजी 'किल्ली कुठेय?' वाक्यं सगळी पूर्ण होती, व्याकरणात चूक नव्हती, फक्त प्रत्येकाच्या पुढे एक छोटी जागा मोकळी होती, आणि तिथे इतकी वर्षं कोण बसत होतं ते आता दिसत होतं. त्याला हाक नव्हती. तो घरात असायचा आणि वाक्यं हवेला उद्देशून येऊन त्याला लागायची. बाजारात गर्दीत ती पुढे गेली आणि मागे वळून, ओठ उघडून, काहीच न म्हणता, तो दिसेपर्यंत उभी राहिली. 'ऐका ना' असतं तर तो धावला असता. त्याच आठवड्यात, मोकळ्या तासाला, स्टाफरूममध्ये बसून लक्ष्मीकांतने कॉलेजच्या नमुन्याप्रमाणे, समास सोडून, सुवाच्य अक्षरात पुढीलप्रमाणे लिहिलं:

प्रति,
मा. प्राचार्य महोदय

विषय : हाक मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व सौ. रेवती पाठक हे आपल्या अधिनस्त एकाच विभागात कार्यरत असून, विभागातील एक बुरशी अर्जदाराच्या हातून मृत झाल्यापासून अर्जदारास कोणत्याही नावाने, पदनामाने अथवा सर्वनामाने हाक मारण्यात आलेली नाही. सबब, सौ. पाठक यांनी कार्यालयीन वेळेत, वीजपुरवठा सुरळीत असताना, अर्जदारास 'लक्ष्मीकांत' या संपूर्ण नावाने किमान एकदा हाक मारावी, असे लेखी आदेश व्हावेत. हाक रागाची असल्यासही अर्जदाराची हरकत राहणार नाही. सदर मागणी सेवाशर्तींत बसत नसल्यास, 'अहो' हे संबोधन, जे आजवर कोणत्याही आदेशाविना नियमित चालू होते, ते तरी पूर्ववत चालू करण्यात यावे, ही नम्र विनंती.